कोळशाच्या खोऱ्यातली मोजदाद

29 मे 1961. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या वेल्च गावात एका किराणा दुकानासमोर वार्ताहर आणि कॅमेरेवाले जमले होते. देशाचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन स्वतः आले होते. पंधरा जणांचं कुटुंब पोसणाऱ्या एका बेकार खाणकामगाराच्या हाती त्यांनी 95 डॉलरची कुपनं ठेवली. त्या कुपनांवर त्या नवरा-बायकोने पहिली वस्तू घेतली ती डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याचा डबा. अमेरिकेची आजची फूड स्टॅम्प योजना, म्हणजे गरिबांना अन्नखरेदीसाठी मिळणारी सरकारी मदत, सुरू झाली ती त्या दिवशीच्या खरेदीपासून.

वेल्च हे मॅकडॉवेल काउंटीचं मुख्य ठाणं. ज्या काळात ही कुपनं वाटली गेली, त्या काळात ही काउंटी देशात सर्वांत जास्त कोळसा काढणाऱ्या काउंट्यांमध्ये गणली जात होती. खाणी तोट्यात नव्हत्या की बंद पडल्या नव्हत्या. मालगाड्या भरभरून कोळसा बाहेर जात होता आणि तो खणणाऱ्यांची घरं धान्यासाठी रांगेत उभी होती. जॉन केनेडी यांनी 1960 च्या प्रचारात हीच विसंगती देशापुढे मांडली होती.

आज अमेरिकेच्या निवडणूक नकाशावर मॅकडॉवेल गडद लाल, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या रंगात, दिसते. गेल्या तीन अध्यक्षीय निवडणुकांत इथल्या दर चार मतांपैकी जवळपास तीन किंवा त्याहून जास्त मतं डोनाल्ड ट्रम्प यांना पडली. त्याच काउंटीने 2008 मध्ये बराक ओबामा यांना 53 टक्के मतं देऊन निवडलं होतं. नकाशाचा रंग पाहून ‘ग्रामीण, गोरे, मागास आणि म्हणून ट्रम्प’ असा हिशेब करणारे बरेच आहेत. मॅकडॉवेलची कहाणी त्या हिशेबात बसत नाही. इथलं मत समजून घ्यायचं तर आधी इथला डोंगर, मग डोंगरातला कोळसा आणि शेवटी दर दहा वर्षांच्या शिरगणतीचे आकडे वाचावे लागतात.

डोंगर आणि घळी

अमेरिकेत राज्याखालोखाल काउंटी असते. वेस्ट व्हर्जिनियात अशा 55 काउंट्या आहेत. मॅकडॉवेलचं क्षेत्रफळ सुमारे 1,385 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. पण तालुक्याचा कारभार नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे असतो; इथे काउंटी कमिशनचे तीन सदस्य, शेरीफ, सरकारी वकील, कारकून, मालमत्तेचं मूल्य ठरवणारा अधिकारी असे सारे मतपेटीतून निवडले जातात. त्यामुळे निवडणूक हा इथे चार वर्षांनी येणारा राष्ट्रीय सोहळा नसून गावकीचा नेहमीचा व्यवहार आहे. रस्ता कोणाचा झाला, नोकरी कोणाच्या मुलाला लागली, कर कोणाचा वाढला हे सगळं त्याच्याशी जोडलेलं असतं.

राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून ही काउंटी आहे. 1858 मध्ये ती व्हर्जिनियाच्या टॅझवेल काउंटीतून वेगळी काढली गेली. यादवी युद्धाच्या धामधुमीत 1863 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे नवं राज्य झालं आणि मॅकडॉवेल त्यात आली. टग फोर्क ही नदी इथे उगम पावते आणि वायव्येकडे वाहत बिग सँडीतून ओहायो नदीला मिळते. एल्कहॉर्न नावाचा ओढा वेल्चमध्ये येऊन टग फोर्कला मिळतो. डोंगर फार उंच नाहीत, पण कडे उभे आणि दऱ्या चिंचोळ्या. दोन डोंगरांमधल्या घळीत एक ओढा, त्याला खेटून रूळ, रुळाला खेटून रस्ता आणि उरलेल्या पट्टीत घरांची एकेरी रांग, अशी इथली गावं. सपाट जागा इतकी दुर्मीळ की वेल्चने 1941 मध्ये नगरपालिकेच्या मालकीची बहुमजली पार्किंगची इमारत उभारली. नगरपालिकेने बांधलेली देशातली ही पहिली पार्किंग इमारत मानली जाते.

शेतीला जमीन नाही, कारखान्याला मैदान नाही. जे काही आहे ते डोंगराच्या पोटात.

तीन हजारांचे लाख

1880 च्या जनगणनेत मॅकडॉवेलमध्ये 3,074 माणसं होती. शिकार, थोडा मका, थोडी जनावरं एवढ्यावर जगणारी डोंगरातली वस्ती. त्याच दशकाच्या अखेरीस नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे बोगदे खोदत इथे पोचली आणि 1892 मध्ये हा मार्ग ओहायोपर्यंत पूर्ण झाला. रूळ पडले ते पोकाहॉन्टस नावाच्या कोळशाच्या थरासाठी. हा कोळसा जळताना धूर फार कमी करतो, त्यात गंधक कमी, आणि पोलादाच्या भट्टीसाठी लागणारा कोक त्यापासून उत्तम होतो. अमेरिकी नौदलाला आपल्या बोटींसाठी तोच हवा असे. 1902 पासून युनायटेड स्टेट्स स्टीलच्या उपकंपनीने इथे गॅरी आणि भोवतालच्या वसाहती वसवल्या. कंपनीच्या प्रमुखाचं, एल्बर्ट गॅरी यांचं, नाव त्या गावाला मिळालं; इंडियाना राज्यातलं प्रचंड पोलाद शहर गॅरी हेही त्यांच्याच नावाचं.

माणसं येत गेली. 1900 मध्ये 18,747, 1910 मध्ये 47,856, 1930 मध्ये 90,479. हंगेरी, इटली, पोलंडमधून आलेली कुटुंबं. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामामधून आलेले कृष्णवर्णीय मजूर. आणि डोंगरातले मूळ रहिवासी. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा. पगारापोटी अनेकदा कंपनीचीच टोकनं मिळत आणि ती कंपनीच्याच दुकानात चालत.

मतांच्या दृष्टीने या काळातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार मतदान-कर आणि साक्षरता परीक्षा लावून हिरावून घेतला होता. वेस्ट व्हर्जिनियाने शाळा वेगळ्या ठेवल्या, राज्यघटनेतच तसं लिहिलं, पण मत काढून घेतलं नाही. त्यामुळे मॅकडॉवेलमधल्या कृष्णवर्णीय खाणकामगाराच्या हाती असं काही होतं जे अलाबामातल्या त्याच्या भावाच्या हाती नव्हतं. 1910 च्या सुमारास दर तीन-चार रहिवाशांमागे एक कृष्णवर्णीय होता. गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून हे मतदार रिपब्लिकन पक्षाबरोबर होते आणि पक्षाला त्यांच्याशिवाय इथे पान हलवता येत नव्हतं. कीस्टोन गावातून एम. टी. व्हिटिको ‘मॅकडॉवेल टाइम्स’ हे कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र चालवत आणि काउंटीचा उल्लेख ‘मॅकडॉवेलचं स्वतंत्र राज्य’ असा अभिमानाने होई. 1928 मध्ये राज्याच्या विधिमंडळात इथल्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची नेमणूक झाली. पतीच्या निधनाने रिकामी झालेली ती जागा होती. अमेरिकेतल्या कोणत्याही विधिमंडळात बसणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्याच वर्षी किम्बॉल गावात पहिल्या महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. ती देखणी इमारत आजही आहे.

म्हणजे मॅकडॉवेल शंभर वर्षांपूर्वीही रिपब्लिकन होती. पण त्या मतामागची माणसं आणि कारणं आजच्यापेक्षा पूर्ण वेगळी होती.

कोर्टाच्या पायऱ्या

खाणमालकांना युनियन नको होती. शेजारच्या मिंगो काउंटीत मेटवान गावचे पोलीस प्रमुख सिड हॅटफील्ड खाणकामगारांच्या बाजूने उभे राहिले. मे 1920 मध्ये युनियनवाल्यांची घरं रिकामी करायला आलेल्या बॉल्डविन-फेल्ट्स या खासगी पहारेकरी कंपनीच्या माणसांशी तिथे गोळीबार झाला आणि हॅटफील्ड कामगारांचे नायक ठरले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खटल्यासाठी त्यांना वेल्चला बोलावलं गेलं. 1 ऑगस्ट 1921 रोजी मॅकडॉवेल काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्या चढत असताना त्याच कंपनीच्या माणसांनी त्यांना आणि त्यांचे मित्र एड चेंबर्स यांना गोळ्या घातल्या. दोघे निःशस्त्र होते, बायका बरोबर होत्या. या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. त्या संतापातून हजारो सशस्त्र खाणकामगार लोगन काउंटीच्या दिशेने निघाले आणि ब्लेअर माउंटनची लढाई झाली. ती मोडून काढायला केंद्र सरकारला सैन्य पाठवावं लागलं.

पुढची बारा वर्षं युनियन दबलेली राहिली. मग 1933 आलं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने औद्योगिक पुनरुत्थान कायद्यात कामगारांना संघटनेचा हक्क लिहून दिला आणि युनायटेड माइन वर्कर्स या युनियनने पाहता पाहता दक्षिण वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणी संघटित केल्या. ज्या काउंटीच्या कोर्टापुढे कामगारांचा नेता मारला गेला होता तिथेच आता मजुरीचा करार होऊ लागला. मॅकडॉवेल डेमोक्रॅटिक झाली ती इथून. इथल्या घरात पक्ष ही विचारसरणीपेक्षा अनुभवाची गोष्ट होती: आजोबांना कंपनीने घराबाहेर काढलं होतं, वडिलांना युनियनने पेन्शन दिली. युनियनच्या कचेरीतूनच मतदानाची आठवण येई, उमेदवाराची ओळख होई, बूथपर्यंत न्यायला गाडी येई. कृष्णवर्णीय मतदारही हळूहळू याच बाजूला आले. तिथून पुढे जवळजवळ पाऊण शतक, एखादा अपवाद वगळता, अध्यक्षपदासाठी मॅकडॉवेलने डेमोक्रॅट उमेदवारालाच निवडलं.

खाणीतलं जगणं मात्र सुरक्षित झालं नव्हतं. 10 जानेवारी 1940 रोजी बार्टली इथल्या खाणीत स्फोट होऊन 91 कामगार मेले.

यंत्र आलं, माणसं गेली

1950 ची जनगणना हा मॅकडॉवेलचा कळस: 98,887. वेल्चच्या रस्त्यांवर शनिवारी संध्याकाळी चालायला जागा नसे, असं त्या पिढीने लिहून ठेवलं आहे.

त्याच वर्षी युनियनचे नेते जॉन लुईस यांनी खाणमालकांशी मोठा करार केला. मालकांनी टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या कल्याण निधीत भरायची. त्यातून पेन्शन आणि दवाखाने चालणार. बदल्यात युनियन यंत्रांना विरोध करणार नाही. थरातून कोळसा सलग कापत जाणारी नवी यंत्रं तेव्हा खाणीत उतरत होती. टनामागे पैसे मिळत असल्याने कोळसा वाढला की निधी वाढे, मग तो कोळसा हजार माणसांनी काढलेला असो की दोनशे. लुईस यांचा तर्क कठोर पण स्पष्ट होता: थोड्या माणसांना चांगली मजुरी मिळावी, ती सर्वांच्या उपासमारीपेक्षा बरी. अनेक कुटुंबांना त्याचा खरा लाभ झाला. ज्यांचं काम गेलं त्यांच्यात हाताने कोळसा भरणारे पहिले होते आणि त्यांच्यात कृष्णवर्णीय कामगारांचं प्रमाण मोठं होतं.

1960 च्या जनगणनेत 71,359 माणसं उरली. 1970 मध्ये 50,666. वीस वर्षांत निम्मी काउंटी ओहायो, मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या कारखान्यांकडे निघून गेली.

या गळतीच्या मध्यावर केनेडी आले. वेस्ट व्हर्जिनियात प्रॉटेस्टंट मतदारांचं प्राबल्य. तिथे कॅथलिक उमेदवार जिंकू शकतो का, हा 1960 च्या पक्षांतर्गत लढतीतला मोठा प्रश्न होता. केनेडी खाणींच्या तोंडाशी जाऊन कामगारांना भेटले, आणि 10 मे 1960 रोजी त्यांनी ह्युबर्ट हम्फ्रे यांना असं हरवलं की हम्फ्रे यांनी शर्यतच सोडली. अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी, 21 जानेवारी 1961 रोजी, त्यांनी काढलेला पहिला कार्यकारी आदेश गरजू कुटुंबांना मिळणारं अन्न वाढवण्याचा होता. चार महिन्यांनी वेल्चच्या दुकानात कुपनं वाटली गेली. इथल्या म्हाताऱ्या मतदारांच्या घरांत केनेडींची तसबीर अनेक दशकं भिंतीवर होती, ती या ऋणापोटी.

1970 च्या दशकात तेलाचे भाव चढले, कोळशाला पुन्हा दिवस आले आणि 1980 ची शिरगणती 49,899 वर जवळपास स्थिरावली. मग घाव बसला. 1986 मध्ये यू. एस. स्टीलने गॅरीतल्या खाणी बंद केल्या. बाराशेहून अधिक नोकऱ्या एकदम गेल्या आणि पुढच्या एका वर्षात काउंटीतलं व्यक्तिगत उत्पन्न दोन तृतीयांशांनी घसरलं. 1990 मध्ये 35,233, 2000 मध्ये 27,329, 2010 मध्ये 22,113, 2020 मध्ये 19,111. कळसावरून पाहिलं तर पाचातले चार गेले.

जाणारे सर्व वयांचे नव्हते. गेली ती बारावी झालेली मुलं, लग्नाच्या वयाची जोडपी, शिक्षक, नर्सा. मागे उरली पेन्शनवरची, काळ्या फुफ्फुसाच्या आजाराने धापा टाकणारी, नातवंडं सांभाळणारी पिढी. 1990 च्या दशकापासून वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन इथे पसरलं. खाणीत पाठ मोडलेल्या माणसांचा हा प्रदेश. गोळ्यांना गिऱ्हाईक तयारच होतं. 2010 च्या एका हिशेबात मॅकडॉवेलमधल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान 64 वर्षं भरलं, तर राजधानी वॉशिंग्टनलगतच्या, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत 82. एकाच देशात, शेजारशेजारच्या दोन राज्यांत, अठरा वर्षांचं अंतर.

मत कसं वळलं

2000 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्याने अनेकांना चकित करत रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना कौल दिला. तेव्हा राज्याकडे अध्यक्षनिवडीची पाच मतं होती. ती डेमोक्रॅट अल गोर यांना मिळाली असती तर तेच अध्यक्ष झाले असते आणि फ्लोरिडातल्या फेरमोजणीचा प्रश्नच उरला नसता. मॅकडॉवेल त्या वर्षी गोर यांच्या मागे राहिली, 2004 मध्ये जॉन केरी यांच्या आणि 2008 मध्ये ओबामा यांच्या. ही तिसरी गोष्ट विसरली जाते. दहातल्या जवळपास नऊ जणांचा वर्ण गोरा असलेल्या या काउंटीने कृष्णवर्णीय उमेदवाराला बहुमत दिलं होतं.

2012 मध्ये तिथेच रिपब्लिकन मिट रॉम्नी यांना सुमारे 64 टक्के मतं पडली. चार वर्षांत झालेला हा बदल प्रचंड आहे. मधल्या काळात हवेच्या प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि त्याच वेळी खडकातून काढलेल्या स्वस्त नैसर्गिक वायूने वीजकेंद्रांतला कोळसा मागे ढकलला. वायूच्या भावाला चेहरा नसतो, नियमाला असतो. कोळसा कंपन्यांनी ‘कोळशाविरुद्धचं युद्ध’ हा शब्दप्रयोग फलकाफलकावर नेला आणि बंद खाणीचा दोष अध्यक्षांच्या नावावर जमा झाला. 2012 च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, तर राज्यातल्या सुमारे 41 टक्के मतदारांनी ओबामांऐवजी टेक्ससच्या तुरुंगात असलेल्या कीथ जड नावाच्या कैद्याला मत दिलं. तो निषेध होता आणि त्यात पक्षाचे नोंदणीकृत सदस्य होते.

2016 चे आकडे याहून बोलके आहेत. हिलरी क्लिंटन यांना 2008 च्या प्राथमिक फेरीत वेस्ट व्हर्जिनियाने दणदणीत मताधिक्य दिलं होतं. आठ वर्षांनी, मार्चमध्ये, ‘अनेक खाणकामगार आणि कोळसा कंपन्या धंद्याबाहेर जातील’ अशा अर्थाचं त्यांचं वाक्य दूरचित्रवाणीवर गेलं. त्याच उत्तरात या भागांत नवे रोजगार आणण्याचं आश्वासन होतं, पण घराघरांत पोचलं ते पहिलं वाक्य. मे महिन्यात प्राथमिक फेरीत बर्नी सँडर्स यांनी राज्यातल्या सर्व 55 काउंट्यांत त्यांना हरवलं, मॅकडॉवेलमध्येही. त्याच दिवशी रिपब्लिकन बाजूला मॅकडॉवेलने ट्रम्प यांना नव्वद टक्क्यांहून अधिक मतं दिली. एक उमेदवार सर्वांना सरकारी आरोग्यविमा देऊ म्हणत होता, दुसरा राज्याची राजधानी चार्ल्स्टन इथल्या सभेत खाणकामगाराचं शिरस्त्राण घालून खाणी पुन्हा उघडू म्हणत होता. दोघांच्या कार्यक्रमांत साम्य फारसं नव्हतं. दोघांनीही मात्र समोरच्या माणसाला त्याचं नुकसान खरं आहे असं सांगितलं होतं.

नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना 74 टक्के मिळाले. आता टक्के बाजूला ठेवून मतं मोजावीत. 2008 मध्ये ओबामांना सुमारे 3,400 मतं होती. 2016 मध्ये क्लिंटन यांना 1,400 च्या आसपास. रिपब्लिकन मतं सुमारे 2,900 वरून 4,600 वर गेली. काउंटीत प्रौढांची संख्या तेव्हा पंधरा हजारांच्या वर होती. म्हणजे ज्या विजयाला प्रचंड म्हटलं गेलं तो प्रौढ लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी माणसांनी घडवला आणि निम्म्याहून अधिक प्रौढांनी मतच दिलं नाही. 2020 मध्ये ट्रम्प यांचा वाटा 79 टक्क्यांजवळ गेला, तरी मतदान न करणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या वरच राहिलं. मॅकडॉवेलमधला सर्वांत मोठा गट घरी बसलेल्यांचा आहे.

नोंदणीपत्रकात इथले बहुसंख्य मतदार ट्रम्प यांना निवडून दिल्यावरही डेमोक्रॅटच होते. वेस्ट व्हर्जिनियात रिपब्लिकन नोंदणी डेमोक्रॅटिक नोंदणीच्या पुढे गेली ती 2021 मध्ये. शेरीफ किंवा कमिशनर निवडताना जुनी निष्ठा बराच काळ टिकली, कारण तिथे उमेदवार ओळखीचा असतो. वॉशिंग्टनसाठी मत देताना ती आधी सुटली, कारण मतदार आणि वॉशिंग्टन यांच्यामधला दुवा, म्हणजे युनियनची कचेरी, तोवर रिकामी झाली होती. खाण बंद झाली तेव्हा नोकरीबरोबर राजकारण समजावून सांगणारी जागाही गेली, हे मॅकडॉवेलच्या मतांतराचं सर्वांत मोठं कारण आहे.

जमीन कोणाची, पाणी कोणाचं

सरकारी पैसा इथे येतो. वृद्धापकाळ भत्ता, अपंगत्वाचं वेतन, अन्नकुपनं अशा वाटांनी काउंटीतलं जवळजवळ निम्मं व्यक्तिगत उत्पन्न केंद्राकडून येतं, असा हिशेब 2014 च्या सुमारास मांडला गेला होता. मग हेच लोक सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्या पक्षाला मत का देतात, हा प्रश्न बाहेरचे लोक वारंवार विचारतात. पण भत्ता जगवतो, उद्योग उभा करत नाही. इथल्या जाहीर सभांत मागणी ऐकू येते ती कामाची, रस्त्याची आणि पाण्याची.

उद्योग उभा का राहत नाही, याचं उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन संस्थांनी 2013 मध्ये जमीनमालकीचा अभ्यास केला. राज्यातल्या ज्या सहा काउंट्यांत दहा मोठ्या मालकांकडे निम्मी किंवा त्याहून अधिक खासगी जमीन आहे, त्यांत मॅकडॉवेल येते. हे मालक बहुतांशी कंपन्या आणि गुंतवणूक संस्था आहेत, त्यांच्या कचेऱ्या दूरच्या शहरांत. डोंगरमाथे त्यांचे, माणसं ओढ्याकाठच्या पट्टीत. म्हणून पूर आला की तो घरातच येतो. जुलै 2001, मे 2002 आणि 15 फेब्रुवारी 2025 हे तीन मोठे पूर इथल्या प्रत्येक कुटुंबाला तारखेनिशी पाठ आहेत. शेवटच्या पुरात जीवितहानी झाली, रस्ते आणि पूल वाहून गेले, पाण्याच्या योजना बंद पडल्या.

त्या योजना आधीच जर्जर होत्या. कंपन्यांनी वसाहतींसाठी शंभर वर्षांपूर्वी टाकलेले नळ कंपन्या गेल्यावर बेवारस झाले. कीस्टोनमध्ये पाणी उकळून प्या ही सूचना अनेक वर्षं सलग लागू होती. आजही कित्येक कुटुंबं डोंगरातल्या झऱ्यावर जाऊन पिण्याचं पाणी भरतात. काउंटीची सार्वजनिक सेवा यंत्रणा एकेका घळीतले जुने नळ बदलत पुढे सरकते आहे. काम संथ आहे, कारण एका घळीत मोजकी घरं आणि प्रत्येक घळीला स्वतंत्र वाहिनी.

2016 च्या जानेवारीत किम्बॉलजवळचं वॉलमार्ट बंद झालं. शहरात दुकान बंद होणं ही बातमी असते. इथे किराणा, औषधं आणि नोकऱ्या एकदम गेल्या, आणि जवळच्या अन्नपेढीला तिथून मिळणारं अन्नही थांबलं.

जे राहिले

तरीही माणसं राहतात आणि काम करतात. 2011 मध्ये शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने ‘रिकनेक्टिंग मॅकडॉवेल’ हा उपक्रम सुरू झाला. शिक्षक इथे टिकत नाहीत याचं एक कारण भाड्याने घर मिळत नाही, हे ओळखून वेल्चमध्ये शिक्षकांसाठी सदनिका बांधल्या गेल्या. जुन्या खाणींच्या वाटांवरून चारचाकी डोंगरी गाड्या हाकणाऱ्या पर्यटकांसाठी हॅटफील्ड-मॅकॉय मार्गांचं जाळं आहे. 2018 मध्ये त्यातला वॉरियर मार्ग वॉर आणि गॅरीपर्यंत आला. रिकाम्या घरांची दुरुस्ती करून काहींनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. कोलवुड गावातले होमर हिकम खाणकामगाराचे पुत्र. ते नासात अभियंता झाले आणि त्यांच्या आठवणींवर 1999 मध्ये ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट निघाला. त्या नावाने येणारे लोकही आहेत.

कोळसाही संपलेला नाही. पोलादासाठी लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा अजून निघतो आणि रेल्वेने नॉरफोक बंदराकडे जातो. अमेरिकेतून असा कोळसा घेणाऱ्या देशांत भारतही आहे. फक्त त्यासाठी आता पूर्वीसारखी हजारो माणसं लागत नाहीत.

नवा मोठा रोजगारदाता म्हणजे तुरुंग. 2010 मध्ये वेल्चजवळ केंद्र सरकारचा तुरुंग सुरू झाला. वेल्चच्या एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीतही राज्याचं कारागृह आहे. अमेरिकेत कैद्याची शिरगणती तो जिथे कोंडलेला असतो तिथे होते. त्यामुळे 2020 च्या 19,111 मध्ये दुसऱ्या राज्यांतून आणलेले कैदीही मोजलेले आहेत. त्यांना मत देता येत नाही. उरलेल्या वस्तीचा खरा आकडा छापलेल्या आकड्याहून लहान आहे.

आणि हा आकडा कागदावरचा राहत नाही. 1960 मध्ये केनेडी जिंकले तेव्हा वेस्ट व्हर्जिनियाकडे अध्यक्षनिवडीची आठ मतं होती. माणसं जात राहिली तशा काँग्रेसमधल्या जागा एकेक करून कमी झाल्या आणि 2024 मध्ये ती मतं चार उरली. राज्याच्या प्रतिनिधिगृहात शंभर सदस्य आहेत. 1950 मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे वीस लाख होती, तेव्हाच्या हिशेबाने मॅकडॉवेलच्या वाट्याला पाच सदस्यांएवढी माणसं होती. 2020 मध्ये राज्य 17,93,716 वर आलं, म्हणजे एका सदस्यामागे सुमारे 17,900. मॅकडॉवेलची सारी लोकसंख्या, कैद्यांसकट, एका मतदारसंघापेक्षा जेमतेम बाराशेने जास्त भरते. 2030 मध्ये पुन्हा मोजणी होईल. आकडा त्याखाली गेला तर चार्ल्स्टनच्या सभागृहात एकट्या मॅकडॉवेलच्या वतीने बोलणारा एकही आमदार कदाचित उरणार नाही, आणि वेल्च, गॅरी, कीस्टोन, वॉर इथल्या नळांचा आणि पुलांचा प्रश्न शेजारच्या काउंटीतल्या मतांच्या आधारानेच मांडावा लागेल.